साखर नॉर्मल आहे, मग ट्रायग्लिसराइड २१५ का?

मला आलेला प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वय ३८, पुरुष, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीला आयटीत. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७१ किलो, पोटाचा घेर ९८ सेंटीमीटर, बीपी १३२/८६. कंपनीच्या चेकअपमध्ये फास्टिंग साखर ९७, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६, टोटल कोलेस्टेरॉल १८४, एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१५, एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) १०७, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) ५८, युरिक ॲसिड ७.४. वडिलांची ५१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर नॉर्मल, एलडीएल ठीक, तेलकट जरा कमी करा. मग व्हिडिओ बघून यांनी स्वतःच फास्टिंग इन्सुलिन करून घेतलं ते आलं १६.२, होमा-आयआर (साखर आणि इन्सुलिनवरून काढलेला आकडा) ३.९, आणि आता विचारतायत की इन्सुलिन रेझिस्टन्स आहे का, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये का, हार्टचा धोका नक्की कुठल्या टेस्टमध्ये कळतो आणि ते मोठं हार्ट पॅकेज घेऊ का.

ठाण्यात फिजिशियन म्हणून बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, आणि असा रिपोर्ट घेऊन येणारा माणूस आठवड्यातून एक तरी असतोच, वय चाळिशीच्या आतबाहेर, पँटचा नंबर ३४ आणि "मॅडम, शुगर तर नॉर्मल आहे".

तर सरळ उत्तर. हो, इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, आणि ते सांगायला मला तुमचा इन्सुलिनचा आकडा बघायची गरज नव्हती. इन्सुलिन रेझिस्टन्ससोबत जे बिघाड एकत्र येतात त्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, त्याचे पाच निकष असतात, पाचातले तीन बसले की झालं. आपल्याकडच्या पुरुषांत पोट ९० सेंटीमीटर किंवा जास्त (बायकांत ८०), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० च्या खाली (बायकांत ५०), बीपी १३०/८५ किंवा जास्त, आणि फास्टिंग साखर १०० किंवा जास्त. तुमचे चार बसतात. जो एकच बसत नाही तो साखरेचा, आणि नेमका तोच बघून तुम्हाला घरी पाठवलं.

साखर या सगळ्या प्रकारात शेवटी हलते, हे आधी डोक्यात बसवून घ्या. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड काय करतं, जास्त इन्सुलिन सोडतं, दुप्पट सोडतं, तिप्पट सोडतं आणि साखर जागेवर धरून ठेवतं, असं वर्षानुवर्षं चालतं. ते दमलं की मग साखर वर सरकायला लागते आणि आपण म्हणतो अचानक डायबेटिस निघाला. अचानक काही नसतं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास आहे, त्यात डायबेटिसचं निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून इन्सुलिनची संवेदनशीलता घसरताना दिसते. आणि रीव्हन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ सालीच हे सगळं, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल, बीपी, एकाच माळेत ओवून त्याला सिंड्रोम एक्स म्हटलं होतं, म्हणजे नवीन काहीच नाही यात, व्हिडिओवाल्यांना ते आत्ता सापडलंय एवढंच.

आता ट्रायग्लिसराइड का वाढतं ते जरा नीट सांगते कारण लोकांना वाटतं ते वड्यातून थेट रक्तात येतं. फास्टिंगमध्ये मोजलेलं ट्रायग्लिसराइड मुख्यतः तुमच्या लिव्हरने बनवून सोडलेलं असतं. पोटातल्या चरबीतून फॅटी ॲसिड सतत लिव्हरकडे येत राहतात, कारण चरबीच्या पेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत, वरून जास्तीची साखर आणि स्टार्च लिव्हर स्वतःच चरबीत बदलतं, आणि दारू असेल तर तिची भर वेगळीच. हा सगळा ढीग लिव्हर व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात ढकलतं, जे ढकलता येत नाही ते लिव्हरमध्येच साठतं, म्हणून एसजीपीटी ५८. सोनोग्राफी केलीत तर बहुतेक ग्रेड वन फॅटी लिव्हर लिहून येईल आणि खाली कोणीतरी पेनाने "कॉमन फाइंडिंग" असंही लिहील.

पुढची गंमत रक्तात होते. हे कण आपापसात माल बदलतात, ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणि एलडीएलमध्ये शिरतं, बदल्यात कोलेस्टेरॉल बाहेर पडतं. ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल लवकर बारीक होऊन रक्तातून काढून टाकलं जातं, म्हणून तुमचं ३४. एलडीएलचे कणसुद्धा बारीक आणि संख्येने जास्त होतात. म्हणजे वाढलेलं ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल, जास्त एसजीपीटी आणि युरिक ॲसिड ही चार वेगळी दुखणी नाहीत, एकाच गोष्टीच्या चार सह्या आहेत. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा, २१५ भागिले ३४, सव्वासहाच्या आसपास येतं. साधारण ३ च्या वर गेलं की माझे कान टवकारतात. हा काही पक्का कट-ऑफ नाही, वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगळा निघतो, पण सहा म्हणजे वाद घालण्यासारखं काही उरत नाही, आणि या भागाकाराला एक पैसा लागत नाही.

इन्सुलिनच्या टेस्टबद्दल. वाईट टेस्ट नाही, पण लोक तिच्याकडून फार अपेक्षा करतात. होमा-आयआर म्हणजे फास्टिंग साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, तुमचं ९७ गुणिले १६.२ भागिले ४०५, ३.८८, बरोबर काढलंय. हे सूत्र ऑक्सफर्डमधून १९८५ साली आलं ते मुख्यतः अभ्यासासाठी, शेकडो माणसांचे गट तुलना करायला. एका माणसाच्या एका सकाळच्या रक्ताला ते लावलं की अडचणी सुरू होतात. एक तर इन्सुलिन ठोक्याठोक्याने सुटतं, दर काही मिनिटांनी वरखाली होतं, आज १६ आलं तर परवा १२ किंवा २० येऊ शकतं. दुसरं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर तोच नमुना वेगळा आकडा देतो, एचबीएवनसीसारखं त्याचं जगभर प्रमाणीकरण झालेलं नाही. तिसरं म्हणजे छापलेली रेंज, बऱ्याच रिपोर्टवर २५ पर्यंत नॉर्मल असतं, ती रेंज निरोगी माणसाची नाही, नेहमीच्या माणसाची आहे, आणि आपल्याकडचा नेहमीचा माणूस काय आहे ते कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बघा.

आणि नमुन्याचं काय होतं हे कोणी विचारत नाही. सकाळी सातला लॅबचा रायडर कासारवडवलीला घरी येतो, तीन-चार ट्यूब भरतो, पुढे अजून पाच घरं करतो, मग माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून सेंटरला, तिथून बॉक्स नवी मुंबईच्या प्रोसेसिंग लॅबला. साखरेची ट्यूब राखाडी झाकणाची असते, त्यात फ्लोराइड असतं ते याचसाठी, नाहीतर रक्तातल्या पेशी साखर खात बसतात आणि दर तासाला ती पाच-सात टक्के कमी होते. इन्सुलिनच्या नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर इन्सुलिन, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), अगदी ट्रोपोनिनसुद्धा (हार्ट अटॅकची टेस्ट) चुकतं, दोन-तीन दिवस आधी बंद करून मग रक्त द्यायचं. उपाशी राहायचं ते १० ते १२ तास, सोळा तास नाही. आणि नाइट शिफ्ट करून सकाळी आठला थेट लॅबमध्ये जाऊन दिलेलं फास्टिंग हे फास्टिंग नसतंच, झोप झालेली नाही, शरीराचं घड्याळ उलटं, ऐरोली-घणसोलीच्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवा, सुट्टीच्या दिवशी झोपून उठून द्या.

म्हणून माझं म्हणणं, इन्सुलिन एकदा केलंत, ठीक आहे, परत परत करू नका. ते १६ चं १३ झालं म्हणून मी उपचार बदलणार नाही. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर करा, जीटीटी म्हणतात ती, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांची फास्टिंग छान असते आणि दोन तासांची १४० ते १९९ मध्ये अडकलेली सापडते, तो आकडा तुमच्याकडे आत्ता नाहीये. एचबीएवनसी ५.६ वरही फार विसंबू नका, ५.७ पासून प्रीडायबेटिस धरतात म्हणजे उंबरठ्यावरच आहात. शिवाय लोह कमी असेल तर तो खोटा जास्त येतो (बायकांमध्ये हे फार), थॅलेसेमिया मायनरमध्येही फसवू शकतो, उल्हासनगरकडून येणाऱ्या सिंधी पेशंटना मी हे आवर्जून विचारते.

आता दुसरा प्रश्न, हार्टचा, आणि इथे लोक गल्लत करतात. इन्सुलिन रेझिस्टन्स किती आहे हा एक प्रश्न, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचवणारे कण किती आहेत हा दुसरा. दोन्ही जोडलेले आहेत पण एक नाहीत. तुमचं एलडीएल १०७ बघून सगळे खूश झाले. पण हे एलडीएल मोजलेलं नाही, हिशोबाने काढलेलं आहे: टोटल १८४ वजा एचडीएल ३४ वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग ४३. १९७२ पासून वापरात असलेलं फ्रीडवाल्डचं सूत्र, ट्रायग्लिसराइड जितकं जास्त तितकं ते डळमळीत, ४०० च्या वर तर वापरायचंच नाही. शिवाय एलडीएलचा आकडा सांगतो कोलेस्टेरॉल किती आहे, कण किती आहेत ते नाही. घोडबंदरला जाम होतो तो गाड्यांच्या संख्येने, गाडीत माल किती भरलाय यावर नाही. तुमच्यासारख्या रिपोर्टमध्ये कण बारीक असतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल सभ्य दिसतं आणि कणांची संख्या मात्र जास्त असते. कण मोजायचे तर अपोबी, म्हणजे या कणांवरचं प्रोटीन, करायचं, कारण एलडीएल असो की व्हीएलडीएल की त्यांचं मधलं काही, प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. अमेरिकन गाइडलाइनमध्येही २०१८ पासून ट्रायग्लिसराइड २०० च्या वर असेल तेव्हा अपोबीचा विचार करा असं आहे, म्हणजे अगदी तुमचीच केस. उपाशीपोटीची अटही नाही.

अपोबी करायच्या आधी फुकटचा आकडा बघा, नॉन-एचडीएल, टोटल वजा एचडीएल, १८४ वजा ३४ म्हणजे १५०. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतासाठी गाइडलाइन काढल्या, त्यात कमी धोक्याच्या माणसालाही नॉन-एचडीएल १३० च्या खाली आणि एलडीएल १०० च्या खाली सांगितलंय, धोका जास्त असेल तर नॉन-एचडीएल १०० आणि एलडीएल ७०. तुम्ही कमी धोक्याचेही नाही. वडिलांना ५५ च्या आत त्रास झालाय, चार निकष बसलेत, आणि तुमच्या रिपोर्टवर नॉन-एचडीएलसमोर लाल खूण असेलच, कोणी वाचली नाही इतकंच.

आणि एक टेस्ट आयुष्यात एकदा, लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तातला एक कण. ही जवळपास पूर्णपणे आईवडिलांकडून येते, खाण्यापिण्याने किंवा चालण्याने हलत नाही, म्हणून परत परत करायची नसते. ५० मिलिग्रॅमच्या वर (काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे १२५ च्या वर) म्हणजे जास्त. ती कमी करायचं रोजच्या वापरातलं औषध आज हातात नाही, मग करायची कशाला असं सगळे विचारतात. करायची कारण ती जास्त निघाली तर बाकी जे आपल्या हातात आहे, एलडीएल, बीपी, सिगरेट, त्याच्याशी आपण जास्त कडक वागतो. "बाबा तर बारीक होते, गोड खात नव्हते, रोज तलावपाळीला चालायला जायचे आणि तरी अटॅक आला" असं ज्या घरात ऐकू येतं तिथे मी ही पहिली लिहून देते.

तुम्ही पाठवलेल्या पॅकेजबद्दल. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड) आहे त्यात, आपल्याकडे शाकाहारी माणसात बी१२ कमी असल्यामुळे ते वाढलेलं निघतंच, लोक घाबरतात, पण गोळ्या देऊन ते कमी केलं तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत असं मोठ्या ट्रायलमध्ये दिसलंय. बी१२ कमी असेल तर त्याच्यासाठी घ्या, हार्टसाठी नको. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) कामाचं आहे, १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर जास्त, पण सर्दी-ताप, दाढदुखी, पावसाळ्यातलं व्हायरल चालू असताना करू नका, १० च्या वर आलं तर ते हार्टचं नाही, बरे झाल्यावर परत करा. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी, निगेटिव्ह आली की लोक पेढे वाटतात. ती फक्त एवढंच सांगते की आज धावताना रक्त कमी पडण्याइतकी मोठी अडचण दिसली नाही, भिंतीत चरबी नाही असं ती सांगत नाही. सीटी कॅल्शियम स्कोअर (हार्टच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) ३८ व्या वर्षी शून्य आला तरी फार दिलासा नाही, तरुणपणी साचलेली चरबी अजून कॅल्शियम धरलेली नसते. तर पॅकेज नको. अपोबी, लायपोप्रोटीन-ए, जीटीटी, टीएसएच (थायरॉइड कमी असेल तर हे सगळं लिपिड बिघडतं), क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (ही दोन किडनीसाठी), बस.

आता या आकड्यांच्या मागे कसं लागायचं नाही तेही सांगते. एचडीएल कमी आहे म्हणून ते वाढवायचं औषध मागू नका, नायसिनने (बी३ व्हिटॅमिन) एचडीएल वाढतं पण स्टॅटिनवर (एलडीएल कमी करणारं औषध) त्याची भर घालून अटॅक कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइडचंही तेच. २०२२ साली एक मोठी ट्रायल आली, डायबेटिसवाले दहा हजारांहून जास्त लोक, ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, पेमाफायब्रेट नावाचं औषध दिलं, ट्रायग्लिसराइड चौथाईने उतरलं आणि हार्ट अटॅक मात्र तेवढेच राहिले, अपोबी उलट थोडं वाढलं. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते आणि औषध लागतं. २१५ ला ते धूर समजा, आग पोटात आणि लिव्हरमध्ये आहे.

याच कारणासाठी कीटो डाएटवाल्यांना सावध करते. भात-पोळी बंद केली, बुलेट कॉफीत तूप घातलं, तीन महिन्यांत इन्सुलिन ४, ट्रायग्लिसराइड ९० आणि माणूस हवेत, आणि त्याच कागदावर एलडीएल १९०. सगळ्यांचं असं होत नाही पण काहींचं होतं, आणि ते म्हणतात इन्सुलिन सुधारलं की एलडीएलने फरक पडत नाही. पडतो. ते कण भिंतीत शिरायला इन्सुलिनची परवानगी घेत नाहीत.

"७१ किलो म्हणजे जाड थोडाच आहे मी" हे तुम्ही लिहिलंय. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४.५, आपल्यासाठी २३ च्या वर जास्त धरतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. यडकिन यांचा एक गाजलेला फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला, दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३, अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर आपली फसवणूक होते ती अशी. घेर मोजायचा तो पँटच्या पट्ट्यापाशी नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. मानेच्या मागे काळवट, मखमली पट्टा आलाय का तेही आरशात बघा, इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण असते ती, घासून जात नाही, साबण बदलू नका.

करायचं काय. इन्सुलिनने उचललेल्या साखरेचा सगळ्यात मोठा वाटा स्नायू घेतात, म्हणून नुसतं चालणं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला किंवा घरी बैठका, जोर, जिना. उपवनला रविवारी तासभर चालून मग मिसळ, हा आठवड्याचा व्यायाम धरू नका, रात्री जेवल्यावर सोसायटीतच पंधरा-वीस मिनिटं रोज चाललात तर जास्त फरक पडेल. वजन ४-५ किलो उतरवा, एवढ्यानेच लिव्हर हलकं होतं. ताटात भात आणि पोळी दोन्ही नको, एक निवडा, त्याच्या जोडीला उसळ, अंडी, मासे, दही, जे चालतं ते खरोखर वाटीभर. दिवसाचे चार चहा साखरेचे आणि सोबत खारी-टोस्ट, याचा हिशोब कोणीच सांगत नाही, विचारलं तर "मी गोड खात नाही" म्हणतात. दारूचंही खरं सांगा, शुक्रवारी-शनिवारी चार-चार पेग झाले असतील तर सोमवारचं ट्रायग्लिसराइड त्यांचंही असतं. आणि सिगरेट असेल तर वरचं सगळं दुय्यम, आधी ती.

याने फरक पडतो का? चेन्नईच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये, २००६ सालचा, दोन तासांची साखर वाढलेल्या आपल्याच लोकांत नुसत्या खाण्याचालण्यातल्या बदलाने डायबेटिसचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनेही जवळपास तेवढंच. बारीक दिसणाऱ्यांना गोळीच लागते असं काही नाही.

तीन महिन्यांनी लिपिड, एसजीपीटी, अपोबी परत करा, त्याच लॅबमध्ये. ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटी आधी उतरतील, एचडीएल रेंगाळेल, त्याचं टेन्शन घेऊ नका. बीपी घरी मशीनने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा, चेकअपच्या रांगेतलं एक रीडिंग धरून औषध सुरू करत नाही. अपोबी तेव्हाही ९० च्या वर राहिलं, किंवा लायपोप्रोटीन-ए जास्त निघालं, तर स्टॅटिनबद्दल तुमच्या डॉक्टरांशी सरळ बोला. हो, स्टॅटिनने साखर किंचित वर जाऊ शकते, उंबरठ्यावरच्या माणसात डायबेटिस थोडा लवकर दिसू शकतो, पण हार्ट अटॅक टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा आहे, तुमच्या घरच्या इतिहासात तर नक्कीच, आणि हे मी कागद बघून लिहितेय, तपासून नाही, शेवटचा निर्णय तपासणाऱ्याचा. चालताना किंवा जिना चढताना छाती जड होणं, जबड्यात-हातात कळ, नेहमीपेक्षा लवकर धाप, असं काही झालं तर मात्र अपोबीच्या रिपोर्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी ईसीजी.

भाऊ-बहीण असतील तर त्यांचंही लिपिड आणि लायपोप्रोटीन-ए एकदा करून घ्या, वडील त्यांचेही आहेत.